रस्त्यावरचा शब्द जबाबात आणि बातमीत

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

निवडणुकीचा निकाल लागला की आपल्या दैनिकाच्या पहिल्या पानावर 'करेक्ट कार्यक्रम' असा मथळा हमखास झळकतो आणि पुढे काही दिवसांतच आतल्या पानावर वाचकांची पत्रे येतात की सांगली-साताऱ्याकडच्या पोरांची भाषा बिघडली आहे, कट्ट्यावरचे शब्द घरात शिरले आहेत, पालकांनी आणि शिक्षकांनी ते वेळीच थांबवावेत. मी सांगलीत फौजदारी वकिली करते. दिवसभर माझ्यासमोर येतात ते हेच कट्ट्यावरचे, बांधावरचे आणि बाजारातले शब्द. फरक एवढाच की ते फिर्यादीतून, जबाबातून आणि उलटतपासातून येतात आणि त्यांच्या अर्थावर एखाद्याचे तुरुंगात जाणे किंवा सुटणे ठरते. हे शब्द चांगले की वाईट हा वाद मला दुय्यम वाटतो. ते कोणी, कोणाला, कुठे आणि कोणत्या सुरात उच्चारले हे समजून न घेताच आपण त्यांना एकतर मथळ्यात मिरवतो किंवा गुन्हेगारीची खूण ठरवतो, आणि दोन्हीकडे अर्थ हरवतो, ही माझी तक्रार आहे.

'कार्यक्रम' हाच शब्द घ्या. आमच्याकडे 'आज रानात कार्यक्रम आहे' असे कोणी सांगितले, तर ऐकणाऱ्याला चुलीवरचे मटण आणि भाकरी एवढेच समजते. 'पोरीचा कार्यक्रम आहे' म्हटले तर पाहुणे मुलगी बघायला येणार आहेत. 'त्याचा कार्यक्रम झाला' म्हणजे तो निवडणुकीत पडला, धंद्यात फसला, नोकरीवरून गेला, मार खाऊन आला, किंवा खरोखरच जिवानिशी गेला. यातले कोणते खरे, हे बोलणारा कोण आणि विषय कशाचा चालला आहे यावरून कळते. ज्येष्ठ नेते जयंत पाटील यांच्या तोंडी 'टप्प्यात आल्यावर करेक्ट कार्यक्रम' हे शब्द गाजले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेचे महापौरपद भाजपच्या हातून राष्ट्रवादीकडे गेले तेव्हा ते राज्यभर पोहोचले. टप्पा म्हणजे मारा पोहोचेल इतके अंतर. म्हणजे शब्दशः पाहिले तर हे वाक्य शिकाऱ्याचे आहे. तरीही त्यातून कोणाच्या जिवाला धोका आहे असे एकाही वाचकाला वाटले नाही, कारण बोलणारा राजकारणी होता आणि प्रसंग मतदानाचा होता. हेच वाक्य पंचविशीतला एखादा बेकार तरुण पानपट्टीवर उभा राहून बोलला, तर ते दुसऱ्या दिवशी फिर्यादीत जाते.

गेलेले मी पाहिले आहे. शेताचा बांध आणि विहिरीच्या पाण्याची पाळी यांवरून दोन चुलत भावांत वाद झाला, झटापटही झाली, आणि एकाने दुसऱ्यावर गुन्हा नोंदवला. मी आरोपीच्या बाजूने होते. फिर्यादीत वाक्य होते, 'आरोपीने अर्वाच्य भाषेत शिवीगाळ व दमदाटी करून जिवे मारण्याची धमकी दिली.' उलटतपासात मी फिर्यादीला म्हटले की आरोपी काय बोलला ते त्याच्याच शब्दांत सांगा. तो म्हणाला, "टप्प्यात ये, तुझा कार्यक्रमच लावतो म्हणला." म्हणजे तो काय करणार होता, असे विचारल्यावर फिर्यादी माझ्याकडे आश्चर्याने बघत म्हणाला, "सोसायटीला उभा राहिलो हुतो की मी. पाडणार, दुसरं काय?" विकास सोसायटीच्या निवडणुकीतली ईर्ष्या होती ती. जिवे मारण्याची गोष्ट फिर्यादीच्या मनात कधीच आलेली नव्हती. ती कागदावर आली, आणि त्या कागदावर तारखांमागून तारखा पडत राहिल्या.

हे वाक्य कोणा एका हवालदाराच्या लहरीतून येत नाही. 'शिवीगाळ, दमदाटी, जिवे मारण्याची धमकी' हा साचा महाराष्ट्रभरच्या फिर्यादींमध्ये इतका पक्का बसला आहे की माणूस काय बोलला हे विचारायच्या आधीच तो लिहून होतो. त्याला कारणही आहे. जुन्या भारतीय दंड संहितेची कलमे ५०४ आणि ५०६, म्हणजे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेची कलमे ३५२ आणि ३५१, लावायची तर अपमान आणि धमकी हे घटक कागदावर दिसावे लागतात, आणि साचा ते एका ओळीत देतो. वर्तमानपत्रे हीच ओळ पोलिसांच्या प्रसिद्धिपत्रकातून उचलतात. अशा रीतीने माणसाच्या तोंडचा मूळ शब्द दोन ठिकाणी पुसला जातो आणि वाचकाच्या हाती उरते ते एक सरकारी वाक्य, जे बांधावरच्या भांडणालाही लागू पडते आणि खंडणीच्या धमकीलाही.

कायद्याला मात्र हे अपेक्षित नाही, हे मला ठासून सांगायचे आहे. तोंडी दिलेली खबर लिहून घ्यावी आणि ती देणाऱ्याला वाचून दाखवावी, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३ सांगते; तिच्या जागी पूर्वी असलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १५४ हेच सांगत होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ४९ मध्ये विशिष्ट जिल्ह्यांत किंवा विशिष्ट वर्गाच्या लोकांत वापरल्या जाणाऱ्या शब्दांच्या अर्थाबद्दल, ज्याला तो अर्थ जाणण्याचे खास साधन आहे अशा माणसाचे मत संबद्ध मानले होते. नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ही तरतूद कलम ४३ म्हणून कायम आहे, आणि दस्तऐवजातील स्थानिक व प्रांतिक शब्दप्रयोगांचा अर्थ दाखवणारा पुरावा देता येईल असे जुने कलम ९८ आता कलम १०१ झाले आहे. म्हणजे जिल्ह्याजिल्ह्यात शब्दाचा अर्थ बदलतो, तो अर्थ शब्दकोशात सापडेलच असे नाही आणि तो जाणणारा माणूस विचारात घ्यावा लागतो, हे इंग्रजांच्या काळापासून मान्य आहे. माणिक तनेजा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केले की धमकीचा गुन्हा होण्यासाठी भीती घालण्याचा हेतू असावा लागतो, नुसते शब्द उच्चारले म्हणून गुन्हा होत नाही. हेतू पाहायचा तर मूळ शब्द हाताशी हवा. तोच जर साच्याने गिळला, तर हेतू शोधायचा कुठे?

येथे कोणी म्हणेल की वकीलबाई पोरांची बाजू घेत आहेत. म्हणून उलट बाजूचे उदाहरण देते, आणि ते मला अधिक अस्वस्थ करते. बाजारात भाजी विकणाऱ्या एका बाईने खाजगी सावकाराकडून पैसे घेतले होते. मुद्दल फिटले तरी व्याज फिटत नव्हते. एका संध्याकाळी सावकाराचा माणूस तिच्या पाटीपाशी आला, त्याने दोन लिंबे उचलून हातात खेळवली आणि हळू आवाजात म्हणाला, "मावशी, रातीची जपून जात जावा." एवढेच. शिवी नाही, दमदाटी नाही, आवाजही चढलेला नाही. उलट मावशी हे नाते आहे आणि आदरार्थी क्रियापद आहे. तिने ते वाक्य जसेच्या तसे सांगितले तेव्हा ते तक्रारीत घेतलेच गेले नाही, कारण त्यात लिहिण्यासारखे काही दिसले नाही. ती बाई मात्र त्या दिवसापासून अंधार पडायच्या आत पाटी उचलू लागली. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ मध्ये कर्जदाराला त्रास देण्याविरुद्ध तरतूद आहे. पण त्रास कशाला म्हणायचे हे ज्याला बाजारची भाषा कळते त्यालाच कळेल. आमच्या भागात खरी धमकी बहुधा हळू आवाजात आणि आदराने दिली जाते. जो माणूस चौकात ओरडून 'सोडत नाय तुला' म्हणतो, तो बहुतेक वेळा चहा पिऊन घरी जातो.

आता जिव्हाळ्याकडे वळते. माणदेशात आणि साताऱ्याच्या पूर्व भागात म्हाताऱ्या बायका नातवाने खोडी काढली की 'मुडदा बशिवला तुजा!' असे म्हणतात. शब्दशः घेतले तर याहून भयंकर वाक्य नाही. ते म्हणत असतानाच तिने पोराला पदराखाली घेतलेले असते. 'मेल्या', 'मुडद्या' हे लाडाचे शब्द आहेत आणि ते लाडाचे आहेत हे त्या पोरालाही कळते. पुरुषांत तेच काम 'लका', 'लगा' आणि 'मर्दा' करतात. साताऱ्याकडे 'काय लका', आटपाडी-जतकडे 'काय लगा', सांगली-कोल्हापूरकडे 'आरं मर्दा'. 'लका' आणि 'लगा' ही 'लेका'चीच रूपे असावीत असे मला वाटते. हे शब्द अनोळखी माणसाशी वापरले तर सलगी होते, मित्राशी वापरले नाहीत तर दुरावा होतो. रोज 'लगा' म्हणणारा मित्र एके दिवशी 'अहो पाटील' म्हणू लागला, तर काहीतरी बिनसले आहे हे सगळ्या गावाला कळते. जतच्या बाजूला कानडीचा शेजार असल्याने 'अण्णा', 'अक्का', 'आप्पा' ही कानडी नाती मराठी तोंडात रुळली आहेत आणि ती परक्यालाही मानाने लावली जातात. नागपूरकडे सहज म्हटला जाणारा 'बे' मात्र आमच्याकडे कानाला लागतो. बदलीवर आलेला अधिकारी तो सवयीने बोलून जातो आणि समोरचा माणूस उगाच दुखावतो.

भांडण कुठे पेटते हे पाहायचे असेल तर शिव्यांकडे पाहू नये, सर्वनामांकडे पाहावे. 'तो एकेरीवर आला' हे वाक्य मी पक्षकारांच्या तोंडून जितक्या दुखऱ्या सुरात ऐकते, तितक्या दुखऱ्या सुरात शिवीची तक्रारही ऐकत नाही. वयाने मोठ्या माणसाला चारचौघांत 'तू' म्हटले गेले, तेथून पुढे हात उठला, असा क्रम असंख्य प्रकरणांत असतो. फिर्यादीत मात्र 'तू' कुठेच नसतो.

एकच शब्द गावागणिक किती पालटतो याचे उदाहरण 'राडा'. मुंबईच्या बातम्यांतून आलेला राडा म्हणजे हाणामारी. आमच्याकडे राडा म्हणजे चिखल, घाण, पसारा. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांपर्यंत गेली होती आणि पाणी ओसरल्यावर सांगलीच्या घराघरांतून, दुकानांतून लोक राडा काढत होते. 'सुपारी'चेही तेच. गावाकडे 'सुपारी फुटली' म्हणजे लग्न ठरले, 'तमाशाला सुपारी दिली' म्हणजे जत्रेसाठी फड ठरवला, आणि शहरी गुन्हेगारीतली सुपारी सगळ्यांना ठाऊक आहे. बातमी लिहिणाऱ्याने हे भान ठेवले नाही तर ग्रामीण वाचक क्षणभर चक्रावतो.

माझ्या क्षेत्रातून कट्ट्यावर गेलेले शब्दही कमी नाहीत. फसवणाऱ्या माणसाला 'चारशेवीस' म्हणतात; नव्या संहितेत फसवणूक कलम ३१८ मध्ये गेली आणि खून ३०२ वरून १०३ मध्ये आला, तरी कोणी कोणाला 'तीनशेअठरा' म्हणत नाही आणि म्हणेल असे वाटत नाही. लबाड, पोहोचलेल्या माणसाला 'लई चॅप्टर हाय' म्हणतात. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या आठव्या प्रकरणाखाली शांतता राखण्याचे आणि चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र घेतले जाई, त्याला पोलिसांच्या बोलण्यात 'चॅप्टर केस' म्हणतात, त्यावरून हा शब्द आला असावा असा माझा अंदाज आहे. 'तडीपार', 'मोक्का', 'हाफ मर्डर' हे शब्द तर शाळकरी मुलेही खेळताना वापरतात. ज्या मुलाने मित्राला 'तुला तडीपार करतो' म्हणून खेळातून काढले, त्याची भाषा बिघडली आहे की त्याने आजूबाजूचे जग ऐकले आहे, याचा विचार पत्रलेखकांनी करावा.

अशा शब्दांची नोंद घेणे ही काही नवी गोष्ट नाही. १८३१ साली निघालेल्या आणि १८५७ मध्ये वाढवलेल्या मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात दलालांच्या सांकेतिक बोलीतले आकडेसुद्धा नोंदलेले आहेत. अवारू म्हणजे दोन, पोकू म्हणजे चार. बाजारात गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून बोलले जाणारे शब्द त्या माणसाने कमीपणा न मानता कोशात घेतले. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्यानंतर साताऱ्यात साहित्य संमेलन झाले. भाषेच्या या गौरवाच्या काळात सांगली-साताऱ्याच्या रस्त्यावर आज जिवंत असलेले शब्द कोण टिपून ठेवत आहे, हे मला आपल्या दैनिकाला विचारावेसे वाटते.

मात्र सगळेच शब्द जपण्यासारखे आहेत असे मी म्हणत नाही, आणि याबाबत माझे मत ठाम आहे. 'आयला' किंवा 'च्यायला' हे उद्गार इतके झिजले आहेत की त्यांत आई उरलेली नाही, हे मान्य. पण आया-बहिणींवरून दिल्या जाणाऱ्या पूर्ण शिव्या 'आमच्याकडे प्रेमाने म्हणतात' असे सांगून पांघरूण घालणे मला पटत नाही. दोन मित्र प्रेमाने ती शिवी देत असतील. शेजारून जाणाऱ्या बाईला त्यातले प्रेम ऐकू येत नाही, आणि तिला ते ऐकू यावे अशी अपेक्षा करण्याचा अधिकारही कोणाला नाही. मार्च २०२४ मध्ये एका वेब मालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की शिवराळ भाषा म्हणजे आपोआप अश्लील भाषा नव्हे. कायदा म्हणून ते बरोबर आहे. पण गुन्हा नाही म्हणजे इजा नाही, असा त्याचा अर्थ होत नाही. जातीचे नाव हेटाळणीसाठी वापरणे हे तर बोलीचे वैशिष्ट्य कधीच नव्हते. ज्याला ते ऐकावे लागते त्याला ते बोलणाऱ्याचा हेतू नीट कळतो, आणि अनुसूचित जाती व जमातींच्या संरक्षणासाठी १९८९ चा कायदा करावा लागला तो उगाच नाही. एखाद्याच्या पायावरून, डोळ्यावरून, तोतरेपणावरून पाडलेली नावेही मला याच पंक्तीत बसवावीशी वाटतात, जरी गावात ती निम्म्या माणसांना आयुष्यभर चिकटलेली असली तरी.

तेव्हा आपल्याकडे माझी मागणी अशी. गुन्ह्याच्या बातमीत 'अर्वाच्य शिवीगाळ' हे ठरीव शब्द न वापरता, छापण्याजोगे असतील तर मूळ शब्द अवतरणात द्यावेत आणि त्या भागात त्यांचा काय अर्थ होतो ते अर्ध्या ओळीत सांगावे. छापण्याजोगे नसतील तर अपमान जातीवरून होता, बाईवरून होता की नुसते एकेरी बोलणे होते, एवढे तरी स्पष्ट करावे. मथळ्यात 'कार्यक्रम', 'राडा', 'गेम' असले शब्द वापरताना तोच शब्द आतल्या पानावर एखाद्या तरुणाविरुद्ध पुरावा म्हणून आलेला नाही ना, हे उपसंपादकांनी पाहावे. आणि आठवड्यातून एकदा थोडी जागा वाचकांच्या शब्दांसाठी राखावी. शब्द पाठवणाऱ्याने त्यासोबत गाव, बोलणाऱ्याचे साधारण वय, तो कोणाला उद्देशून बोलला आणि तो रागात होता की लाडात, हे कळवावे; नुसत्या अर्थाचा उपयोग नाही.

असे सदर आपण सुरू केलेत तर विजयनगरच्या न्यायालयाच्या आवारात कानावर पडणारे शब्द, पक्षकारांची कोणतीही ओळख न देता, मी नियमित पाठवीन. सुरुवातीला 'मांडवली', 'तोडपाणी' आणि 'सेटिंग' हे तीन पाठवावेत असा विचार आहे. बाहेरच्याला तिन्हींचा अर्थ तडजोड असाच वाटतो. पण मांडवलीत दोघांनाही मान्य असणारा किंवा दोघेही ज्याला घाबरतात असा तिसरा माणूस बसलेला असतो, तोडपाण्यात पैसे कोणाच्या तरी खिशात गेलेले असतात, आणि सेटिंग ही भांडण सुरू होण्याच्या आधीच झालेली असते. माझ्याकडे येणारा पक्षकार यांपैकी कोणता शब्द वापरतो, त्यावरून त्याचे प्रकरण कुठवर आले आहे ते मला कागद उघडायच्या आधी समजते.

आपली,
एक वकील,
सांगली